जुन्या वाचनालयाचा शिक्का संगणकावर पुन्हा उठवायचा आहे – गिंपमध्ये रबरी शिक्क्यासारखा ठसा कसा आणायचा?

रेघोटी

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाला पन्नास वर्षं झाली, म्हणून स्मरणिका काढतोय. मुखपृष्ठावर वाचनालयाचा जुना गोल शिक्का हवा, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. गावातली तीन पिढ्यांची माणसं तो शिक्का बघत पुस्तकं वाचत आली आहेत. मूळ रबरी शिक्का मात्र कधीच हरवला. आता जो आहे तो नवा, आपोआप शाई घेणारा, चौकोनी.

मी गिंप या चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरमध्ये गोल काढला, वर संस्थेचं नाव, खाली गाव-तालुका-जिल्हा, मध्ये 'दाखल क्र.' आणि पुढे रिकामी रेघ. जांभळा रंग दिला. मग जुना दिसावा म्हणून खरबरीत ब्रशने खोडरबर फिरवला, नॉइज म्हणजे विस्कळीत ठिपके घातले. दिसतंय ते कुरतडल्यासारखं. शिक्का वाटतच नाही. मुखपृष्ठावर तीन ठिकाणी तिरके ठसे टाकले तर तिन्ही खोटे दिसतात, आणि का ते मला सांगता येत नाही.

दुसरी अडचण अक्षरांची. गोलावर मराठी मजकूर बसवायला इंकस्केप हे रेषाचित्रांचं सॉफ्टवेअर वापरलं. जोडाक्षरं नीट आली, पण शिरोरेघ अक्षरागणिक तुटते. सरळ ओळीत एकसंध असलेली रेघ गोलावर खिळखिळी होते.

कोणी हे केलंय का? फुकट सॉफ्टवेअरमध्येच करायचं आहे.

सह्यवारा

घाईत आहे, एक सोपी गोष्ट सांगतो. खोडरबर सोडा. काळा मजकूर पांढऱ्यावर ठेवून थर एकत्र करा, त्यावर गॉशियन ब्लर देऊन ते धूसर करा आणि लगेच 'कलर्स'मधलं थ्रेशोल्ड लावा, म्हणजे करडं सगळं एकतर काळं नाहीतर पांढरं होतं. कडा परत धारदार होतात, पण कोपरे गोलावलेले राहतात. टाइप केलेल्या अक्षराचा कोरडेपणा तिथेच निम्मा जातो. थ्रेशोल्डचा काटा एका बाजूला सरकवला तर अक्षर जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. शाई जास्त किंवा कमी लागल्यासारखं. कडा फारच करवती झाल्या तर थ्रेशोल्डऐवजी लेव्हल्सची दोन्ही टोकं जवळ आणा.

मधुमालती

माझ्याकडे संगणक नाही, फोनच आहे. तिथे जमेल का?

सह्यवारा

ब्राउझरमध्ये फोटोपी उघडा. थर, मास्क, ब्लर, लेव्हल्स सगळं आहे. लहान पडद्यावर बोटाने मास्क रंगवणं जिकिरीचं आहे, पण होतं.

शाईपॅड

रेघोटीताई, मी मिरजेचा. तीस वर्षं शिक्के बनवतो. वडील शिशाचे खिळे जुळवून साचा काढायचे, त्यात कच्चं रबर घालून गरम दाबाखाली शिक्का तयार व्हायचा. मी पॉलिमरवर आलो. निगेटिव्ह काढायची, द्रव पॉलिमरवर अतिनील प्रकाश द्यायचा, प्रकाश न लागलेला, पातळच राहिलेला भाग धुऊन टाकायचा. संगणकातल्या ठशाचं तंत्र मला जेमतेम येतं, पण खरा ठसा कसा दिसतो ते रोज बघतो. तुमचे तिन्ही ठसे खोटे का वाटतात तेही सांगतो.

ठशातला प्रत्येक दोष तीन जागांपैकी कुठून तरी आलेला असतो. रबरातून, हातातून, नाहीतर कागदातून. तुम्ही तिन्ही एकत्र कालवलेत.

रबराचा दोष म्हणजे झिजलेली कड, तुटलेली वेलांटी, शाईचा गाळ बसून बुजलेली घ-ध-भ ची पोटं. हे दोष प्रत्येक ठशात त्याच जागी येणार. शिक्का तिरका मारला तर दोषही त्याच्याबरोबर तिरका होणार.

हाताचा दोष म्हणजे दाब. लाकडी मुठीचा शिक्का कोणीच अगदी सपाट मारत नाही. एक बाजू गडद, समोरची फिकी. कधी मूठ कलंडते आणि अक्षरांच्या बाहेरची रबराची कड कागदाला टेकते, मग वर्तुळाबाहेर एक फिकट कमान उमटते. ती काढा, बघा ठसा कसा जिवंत होतो. हे दर ठशाला वेगळं.

आणि कागद. त्याचा खरबरीतपणा ठशातून पांढरा डोकावतो. पण तो कागदाचा आहे, त्यामुळे शिक्का कितीही तिरका असला तरी तो फिरत नाही. तुम्ही एकच चित्र तीन वेळा फिरवून चिकटवलंत, म्हणून कागदाचे ठिपकेसुद्धा शिक्क्याबरोबर फिरले. डोळ्याला ते बरोबर खटकतं.

आणखी एक. रबर मऊ असतं. दाबलं की शाई अक्षराच्या मधून कडेकडे सरकते. म्हणून ताज्या ठशात अक्षराची कड गडद आणि पोट किंचित फिकं असतं. पॅड सुकत आलं की मधला भाग आणखी उडतो. तुम्ही काठाकाठाने खोडलंत, तिथेच उलटं झालं.

रेघोटी

शाईपॅडकाका, हे वाचल्यावर उठून वाचनालयातली दहा पुस्तकं काढून बघितली. वर्तुळाबाहेरची फिकट कमान सहा ठशांत आहे! इतकी वर्षं पाहून दिसली नव्हती.

सह्यवारा

काकांच्या तीन जागा म्हणजे गिंपमधले सरळ तीन मास्क झाले, म्हणजे थराचा कुठला भाग किती दिसावा ते ठरवणारे करडे पडदे. माझ्याकडे बसून करून पाहिलं, क्रम असा ठेवला.

शिक्क्याचा व्यास ३६ मिमी धरला. १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपके धरले तर, तो साधारण १७०० पिक्सेलचा होतो. छापताना ६०० पुरतं, पण काम दुप्पट आकारात करा, शेवटी लहान केल्यावर कडा सुंदर येतात. ब्लर ५ पिक्सेलच्या आसपास, म्हणजे प्रत्यक्षात एक दशांश मिलिमीटर. त्याहून जास्त दिलं तर अनुस्वार अक्षराला चिकटतात.

रबराची झीज या थरावर हाताने रंगवली आणि तिथेच कायम केली. ही आपली 'मूळ' फाईल. तिची प्रत घेऊन आधी फिरवायची, चार-पाच अंश पुरे. मग फिरवलेल्या थराला मास्क लावून त्यात हाताचा दाब. त्यासाठी एका बाजूने काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारा ग्रेडियंट आणि त्यात सॉलिड नॉइज मिसळलेला. सॉलिड नॉइज 'फिल्टर्स → रेंडर → नॉइज' मध्ये आहे. डिटेल कमीत कमी, एक्स-वाय आकार ३-४ ठेवला की मोठे मऊ डाग येतात, तसेच हवेत. मास्क पूर्ण काळा करू नका, करड्यात खेळा.

गडद कडेसाठी: आधी थरातला पांढरा भाग 'कलर टू अल्फा'ने पारदर्शक करायचा, मग 'अल्फा टू सिलेक्शन', निवड ४ पिक्सेलने आक्रसवायची, तिची कड मऊ करायला २ पिक्सेल फेदर, आणि आतला भाग पाऊणपट अपारदर्शक. झालं, कड आपोआप उरते.

कागदाचा पोत सगळ्यात शेवटी आणि संपूर्ण पानावर एकच. रंग लाल ७५, हिरवा ५८, निळा १४० असा मळकट जांभळा घेतला. थराचा मोड मल्टिप्लाय, म्हणजे खालची छापील काळी अक्षरं ठशातून काळीच दिसतात. नॉर्मल मोडवर ठेवलं तर शाई कागदावर तरंगते.

शाईपॅड

कागदाचा पोत संगणकात बनवू नका, माझं ऐका. स्मरणिकेचा जो कागद असेल त्याच्या तुकड्यावर शाई लावलेला सपाट खोडरबर दाबा आणि स्कॅन करा. पाच रुपयांत खरा पोत मिळतो.

अक्षरगाठ

शिरोरेघेबद्दल मी लिहिते, कारण या प्रश्नात मी दोन वर्षं अडकले होते.

इंकस्केपमधलं 'पुट ऑन पाथ' प्रत्येक अक्षराला न वाकवता फक्त वळवून ठेवतं. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना चालतं. आपली लिपी रेघेला टांगलेली. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरचा सरळ तुकडा वर्तुळाला स्पर्शून जातो, आणि दोन तुकडे जिथे भेटतात तिथे कोन पडतो किंवा फट. तुमचं काहीच चुकलेलं नाही.

गिंपचं 'टेक्स्ट अलाँग पाथ' वेगळं चालतं. ते अक्षराची बाह्यरेषाच वाकवतं, त्यामुळे शिरोरेघ सलग कमानदार येते. पण वाकवण्याची किंमत असते. अक्षराचा पाया आतल्या वर्तुळावर, डोकं बाहेरच्या. तुमच्या ३६ मिमीच्या शिक्क्यात अक्षर ४ मिमी उंच घेतलं, पाया १२.५ मिमी त्रिज्येवर आणि डोकं १६.५ वर, तर डोक्याकडे अक्षर ३२ टक्के ताणलं जातं. म्हणून 'म' पसरट होतो, 'व' फुगतो. ३ मिमीचं अक्षर घेतलं तर ताण २२ टक्क्यांवर येतो. अक्षर लहान ठेवा आणि वाकवण्यापूर्वी मजकूर आडवा ९० टक्के आक्रसून घ्या.

इंकस्केपमध्येच राहायचं असेल तर मजकुराचं पाथमध्ये रूपांतर करा, युनियन करून एकसंध करा, मग 'पॅटर्न अलाँग पाथ' लावा. परिणाम गिंपसारखाच, पण ताण नजरेसमोर कमी-जास्त करता येतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो तिसरा मार्ग, वेळखाऊ आहे. अक्षरं 'पुट ऑन पाथ'नेच बसवायची, पाथ करायची, प्रत्येकाच्या डोक्यावरचा रेघेचा तुकडा कापून टाकायचा, आणि त्या त्रिज्येवर नवी कमान स्वतः काढायची. शब्दांच्या मध्ये ती तोडायची. अक्षराचं अंग अजिबात ताणलं जात नाही आणि रेघ अस्सल गोल. ज्या अक्षरांच्या रेघेला मुळात खिंड असते, म्हणजे थ, ध, भ, तिथे ती खिंड विसरू नका. भ वरची रेघ सलग झाली तर त्याचा म होतो.

वेलांट्या, मात्रा, रफार यांना बाहेरच्या वर्तुळापर्यंत किमान मिलिमीटरभर जागा सोडा. खालच्या कमानीत, जिथे अक्षरांची डोकी मध्याकडे असतात, तिथे उकार बाहेरच्या वर्तुळावर आपटतात. आणि ब्लर-थ्रेशोल्डचं गणित इथे लागू होतं: मुक्तासारखा खुल्या पोटाचा फाँट घ्या. नाजूक, जाड-बारीक रेषांचा फाँट रबरात टिकत नाही आणि ब्लरमध्येही टिकत नाही.

फोटोशॉपवाल्यांसाठी एक ओळ: वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई लिप्या ओळखणारं निवडा. नव्या आवृत्त्यांत त्याला वर्ल्ड-रेडी लेआउट म्हणतात.

रेघोटी

अक्षरगाठताई, तिसरा मार्ग धरला. आमच्या नावात दोन भ आहेत, तुम्ही सांगितलं नसतं तर दोन्हींचे म झाले असते. काल रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते आणि ठसा खरंच छान आला आहे.

पण आता एक खुटखुट लागली. मी रबराची झीज कल्पनेने रंगवतेय. आमच्या शिक्क्याची झीज तर पुस्तकांत उमटलेली आहे. ती तिथून घेता येईल का? अडचण अशी की ठसे छापील मजकुरावर मारलेले आहेत, पिवळ्या पडलेल्या पानांवर. पान सतरावर मारायची आमच्याकडे पद्धत होती, कोणी मुखपृष्ठ फाडून पुस्तक आपलं म्हटलं तर ओळखता यावं म्हणून. त्यामुळे एकही ठसा कोऱ्या जागेवर नाही.

तळटीप

ही खुटखुट अगदी योग्य आहे. मी पोस्टाच्या जुन्या शिक्क्यांचा संग्रह करतो आणि हेच काम वर्षानुवर्षं करतोय. छपाईतून शिक्का सोडवता येतो.

आधी स्कॅन. ६०० डीपीआय, रंगीत, टिफमध्ये. जेपेगमध्ये नको. जेपेग रंगाची माहिती चिरडून ठेवतं, उजेड-अंधार मात्र बऱ्यापैकी जपतं, आणि आपल्याला नेमका रंगच हवा आहे. फोनने काढलेल्या फोटोतून पुढे जे हाती लागतं त्यात चौकटी चौकटी दिसतात. पुस्तक जुनं असेल तर पाठ मोडेपर्यंत काचेवर दाबू नका, पान सतरा तेवढं टेकलं तरी चालेल.

मग गिंपमध्ये 'कलर्स → कंपोनंट्स → डीकंपोज' आणि त्यात लॅब निवडा. तीन करडे थर मिळतात. एल म्हणजे उजेड, ए म्हणजे हिरव्यापासून किरमिजीकडे, बी म्हणजे निळ्यापासून पिवळ्याकडे. आता ए थर एकटा बघा. काळ्या छपाईला रंग नाही, ती मधल्या करड्यात. पिवळटपणा बी मध्ये नोंदला जातो, त्यामुळे कागदही ए मध्ये त्याच करड्याच्या जवळ. आणि जांभळी शाई किरमिजीकडे झुकलेली, ती एकटी उजळ. छापलेल्या ओळी नाहीशा होतात आणि शिक्का उरतो. पहिल्यांदा केलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरच्यांना बोलावून दाखवलं होतं.

चित्र फिकं असतं, लेव्हल्सने ताणा, मग रंग उलटे करून शिक्का काळा करा. शिक्का काळ्या शाईचा असता तर ही युक्ती चालली नसती. तिकीटसंग्राहकांना हे दुखणं माहीत आहे. १८४० मध्ये ब्रिटनचं पेनी ब्लॅक हे टपाल तिकीट काळं होतं आणि त्यावर लाल शिक्का मारत. लाल शाई पुसून तिकीट पुन्हा वापरता येई म्हणून १८४१ मध्ये उलटापालट केली, तिकीट लाल आणि शिक्का काळा. आपल्या दृष्टीने लाल तिकिटावरचा काळा शिक्काही सोडवता येतो, काळ्यावरचा काळा नाही.

आता खरी गंमत. एक ठसा पुरेसा नाही, दहा घ्या. सगळे एकावर एक थर म्हणून ठेवा, फिरवून-सरकवून जुळवा. जुळवताना वरच्या थराचा मोड डिफरन्स ठेवला की जिथे नीट बसेल तिथे काळं दिसतं. जुळले की मोड परत नॉर्मल, आणि अपारदर्शकता खालून वर अशी: १००, ५०, ३३, २५, २०, १७… म्हणजे शंभरला थराच्या क्रमांकाने भागायचं. ही झाली सरासरी. शाईपॅडकाकांचा नियम इथे तुमच्या बाजूने काम करतो. कागदाचा दोष दर ठशाला वेगळ्या जागी, तो सरासरीत विरतो. हाताचा दाबही, नेहमी एकाच बाजूला पडणारा सोडला तर, विरतो. उरतं ते मुख्यतः रबर.

मधुमालती

हे वाचून अंगावर काटा आला. हरवलेला शिक्काच परत हातात आल्यासारखं.

पायवाट

चांगला धागा. याच पद्धतीने माझ्या जुन्या दाखल्यावरचा तलाठी कार्यालयाचा शिक्का आणि सही सोडवून नव्या अर्जावर बसवता येईल का? कार्यालयाचे हेलपाटे वाचतील.

शाईपॅड

नाही, आणि कोणी सांगूही नये. सरकारी शिक्का स्वतः बनवून कागदावर वापरणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, मग तो रबरात बनवा नाहीतर संगणकात. माझ्या दुकानात असं गिऱ्हाईक आलं तर मी कार्यालयाचं पत्र मागतो, पत्र नसेल तर काम घेत नाही. अशोकस्तंभाच्या सिंहांच्या राजचिन्हासाठी तर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, शोभेसाठीसुद्धा खासगी शिक्क्यात ते घालता येत नाही. तुमच्या अर्जाला नुसती प्रत हवी असेल तर बऱ्याच ठिकाणी स्वतः सही केलेली चालते, ते आधी विचारा.

पायवाट

कळलं काका. गुन्हा होईल हे डोक्यात आलं नव्हतं. उद्या कार्यालयातच जातो.

रेघोटी

आठ दिवस गायब होते, कारण दहा म्हणता म्हणता एकतीस ठसे स्कॅन केले.

तळटीपदादा, ए थर उघडल्यावर ओळी खरोखर गेल्या. तीन ठशांत शाई इतकी निळी होती की ए मध्ये जेमतेम दिसली, त्यांच्यासाठी बी थर वापरला. तिथे कागद उजळ, छपाई मधली आणि निळा गडद, थोडं साफ करावं लागलं.

मग सरासरी काढली आणि एक जागा काही केल्या जमेना. डाव्या बाजूला, 'वाचनालय' मधल्या 'ल' च्या वर बाहेरचं वर्तुळ अर्धवट करडं येत होतं, ना काळं ना पांढरं. आधी वाटलं माझं जुळवणं चुकलं. मग एकेक थर उघडून पाहिला. काही ठशांत वर्तुळ तिथे अखंड आहे आणि काहींत दोन मिलिमीटरची सरळ चीर.

ठशांच्या मध्ये दाखल क्रमांक हाताने लिहिलेले आहेतच. क्रमांकाने रचले आणि दोन ढीग पडले. ११४२ पर्यंत एकाही ठशात चीर नाही. १३०६ पासून प्रत्येकात आहे. मधलं पुस्तक माझ्या ३१ मध्ये नव्हतं, म्हणून कपाटातून शोधून आणखी पाच काढली. १२१९ अखंड, १२२३ चिरलेलं. दाखल नोंदवहीत दोन्हींच्या मध्ये जुलै १९८३ चा एक आठवडा आहे.

आमचे पहिले ग्रंथपाल आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना घरी जाऊन दोन्ही ठसे मोठे करून दाखवले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, त्या पावसाळ्यात छत गळलं होतं, पुस्तकं हलवताना टेबल कलंडलं आणि शिक्का फरशीवर पडून मूठ निघाली होती. त्यांनी ती स्वतः चिकटवून पुढे चौदा वर्षं वापरली. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, समितीनेही कधी विचारलं नव्हतं.

आता सरासरी दोन केल्यात. एक पडण्याआधीच्या ठशांची, एक नंतरच्या. मुखपृष्ठावर वरचा ठसा अखंड, खालचे दोन चिरलेले.

तळटीप

नंतरच्या सरासरीत आणखी फरक आहे का पाहा. मूठ पुन्हा चिकटवली तर ती क्वचितच पूर्वीच्या कोनात बसते. मग दाबाची गडद बाजू बदलते.

रेघोटी

पाहिलं. आधीच्या ठशांत उजवी बाजू गडद, नंतरच्यांत खालची. सह्यवारादादांच्या ग्रेडियंटची दिशा त्याप्रमाणे बदलली आहे.

अक्षरगाठ

अखंड ठशातली अक्षरं मोठी करून टाकाल का? शिशाच्या खिळ्यांत गोल मजकुराची शिरोरेघ त्या कारागिराने कशी जुळवली होती ते बघायचं आहे.

रेघोटी

टाकली आहेत. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर बारीक फट आहे, ताई. माझ्या इंकस्केपमध्ये पडली होती तशीच.

अक्षरगाठ

मग तुमच्या फाईलमधली माझी कमान काढा आणि फटी परत घाला.

शाईपॅड

रेघोटीताई, अखंड ठशाची स्वच्छ फाईल मला पाठवा, स्मरणिकेच्या प्रकाशनाला मी खरा शिक्का करून देतो, लाकडी मुठीचा. फाईल काळ्या-पांढऱ्यात द्या, करडं नको. उलटी करू नका, निगेटिव्ह काढताना मी करतो. कुठलीही रेघ ०.३ मिमीपेक्षा बारीक नको, तुमच्या १२०० डीपीआयमध्ये ती १४ पिक्सेल होईल. अनुस्वार त्याच्या दुप्पट ठेवा, पॉलिमर धुताना आधी तेच जातात.

रेघोटी

काका, आत्ता मोजून पाहिलं, मधली 'दाखल क्र.' पुढची रेघ ११ पिक्सेलची आहे. ती जाड करून सोमवारी पाठवते. पहिला ठसा त्या आजोबांच्या हातून मारून घेऊ, पान सतरावर.